सहावीतल्या मुलाला दीड किलोमीटरवरच्या शाळेत चालत किंवा सायकलवर जायची सवय कशी लावू?

ताई, आधी घरातल्या मोठ्यांना तयार करा. पोरगं तयारच असतं.

आम्ही सांगलीत विश्रामबागेला राहतो, मुलीची शाळा गावाकडं, म्हणजे जुन्या सांगलीच्या बाजूला. तीही सहावीत गेली तेव्हा मी तिला सायकल घेतली आणि घरात रामायण सुरू झालं. आईचं म्हणणं, दारात गाड्या उभ्या असताना पोरीला सायकलवर धाडतोस, लोक काय म्हणतील? थोरला भाऊ तर भर पंगतीत म्हणाला, "पेट्रोल वाचवतोय!" त्याचा मुलगा तेव्हा नववीत आणि बुडाखाली स्कूटर. त्याचं मात्र सगळ्यांना कौतुक. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे मी पंगतीतच सांगितलं. भाऊ ताटावरून उठला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

रस्ता मात्र मी स्वतः ठरवला. मिरज रोड टाळला, तिथं वडापवाले, म्हणजे शेअर गाड्यांवाले, कुठंही कचकन थांबतात. आतल्या गल्ल्यांनी थोडं लांब पडतं, पडू दे. एके ठिकाणी बोळ मोठ्या रस्त्याला मिळतो आणि कोपऱ्यावर पानाची टपरी आहे, तिच्या आडून येणारी गाडी दिसतच नाही. तिथं उतरायचं, सायकल हातात धरायची, टपरीच्या पुढं येऊन दोन्हीकडं बघायचं आणि मगच पलीकडं जायचं. सुरुवातीला मी मागून सायकलवर असायचो, पण तोंड बंद. ती आपणहून उतरते का, एवढंच बघायचं. उतरायला लागली तशी मी त्या टपरीपर्यंतच जायला लागलो, नंतर तेही बंद केलं.

सायकल घेताना 'पोरगं वाढतंय, मोठीच घ्या' म्हणून उंच सायकल गळ्यात मारतात. घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला ट्यूबच्या रबरानं आवळून बांधायचं.

दीड किलोमीटर काही लांब नाही. शिक्षण हक्क कायद्याचे नियमच सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत शाळा धरतात. चालत वीस-पंचवीस मिनिटं. गल्लीतली दोन-तीन पोरं जमवून द्या, मग घरातून ढकलावं लागत नाही. गाडीनं सोडायला येणाऱ्यांनी शाळेच्या फाटकात जी गर्दी केलेली असते, खरा धोका तिथं आहे. माझ्या भावासारखी माणसं हे कधी मान्य करणार नाहीत.

एक राहिलंच. तुमचा रस्ता माधवनगर रोडसारखा उसाच्या वाहतुकीचा असेल तर गाळप हंगामात सायकल नको, चालतच पाठवा, तेही मोठ्या माणसाबरोबर. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आत कापत येते आणि ड्रायव्हरला ती दिसत नाही. पहिली-दुसरीतल्या पोरांना माझं हे काहीच लागू नाही, त्यांना हात धरूनच न्या.