जपानी भाषेच्या परीक्षेची एन-3 ही मधली पातळी झालीय. जपानी लेखिका-भाषांतरकार इशिई मोमोकोंसारखं मुलांसाठी लिहिण्याचं आणि भाषांतराचं करिअर करता येईल का?

येईल, पण आधी बाईंनी पोट कशावर भरलं ते बघ. जन्म 1907 चा. इंग्रजी शिकल्या आणि संपादनाच्या नोकऱ्या केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मियागी प्रांतात चक्क शेती केली, गाई पाळल्या. 1950 मध्ये परत टोकियोला, इवानामी प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांचं संपादन. 'नोनचान ढगावर बसते' हे त्यांचं स्वतःचं पुस्तक 1947 चं, गाजलेलं. पण त्याआधीच, 1940 मध्ये, त्यांनी भाषांतर केलेला 'विनी द पूह', म्हणजे इंग्रजी गोष्टींतलं ते अस्वल, जपानीत आला होता. तोही कसा, तर 1933 च्या नाताळात एका ओळखीच्या घरी मुलांनी इंग्रजी पुस्तक पुढे केलं, आणि बाई तिथल्या तिथे जपानीत सांगत सुटल्या.

म्हणजे आधी कान, मग कागद. हेच मी आमच्या संपादकांना सांगून दमले.

काही वर्षांपूर्वी मी एक जपानी चित्रपुस्तक मराठीत केलं. पानभर चित्र, खाली दीड ओळ. पाऊस आधी 'शितो शितो' पडतो, पुढच्या पानावर 'झाआ झाआ'. पहिल्यासाठी रिपरिप लिहिलं, खोडलं. रिपरिप म्हटलं की चिखल आणि न वाळलेले कपडे आठवतात, आणि हा पाऊस तर हळुवार. दोन दिवसांनी 'झिमझिम'वर आले. पुढे 'धो धो धो'. संपादकांनी लाल पेनने दोन्ही उडवून लिहिलं, 'हलका पाऊस सुरू झाला. काही वेळाने पावसाचा जोर वाढला.' हवामान खात्याचं बुलेटिन! भांडले, तर म्हणतात, "मॅडम, मुलांना प्रमाण भाषा मिळायला हवी. आणि हे शेवटी भाषांतर, तुमचं स्वतःचं थोडंच आहे?"

साडेतीन वर्षांच्या भाचीला दोन्ही वाचून दाखवलं. बुलेटिनच्या वेळी ती माझ्या बांगड्या मोजत होती. माझ्या वेळी तिने पान उलटं फिरवलं, "मावशी, पुन्हा धो धो." हे संपादकांना कळवलं. उत्तर नाही. पुस्तक बुलेटिनसकट छापलं गेलं.

इशिईबाईंनी 1958 मध्ये टोकियोतल्या ओगिकुबोच्या राहत्या घरात मुलांसाठी 'कात्सुरा बुन्को' हे छोटं ग्रंथालय उघडलं. मुलं कशाला खिळतात आणि कुठे चुळबुळतात, हे घरबसल्या समोर दिसायचं. 1964 मध्ये डिक ब्रुनाचा डच ससा, म्हणजे मिफी, जपानीत आणला, तेव्हा नाव ठेवलं 'उसाको-चान'. उसागी म्हणजे ससा. आपल्याकडे 'ससुली' म्हटल्यासारखं. आता हे 'स्वतःचं' नाही तर कोणाचं?

तेव्हा पोराबाळांना वाचून दाखवल्याशिवाय हस्तलिखित देऊ नकोस. आणि 'न विचारता शब्द बदलणार नाही' हे करारात लेखी घे. तोंडी नको.

हो, एन-3 वर भुलू नकोस. चित्रपुस्तकं बहुतेक हिरागाना या उच्चारांच्या लिपीत असतात, अर्थ दाखवणाऱ्या कांजी चिन्हांचा आधार नाही, त्यामुळे सोपं वाटणारं वाक्यच पाय ओढतं. मूळ प्रकाशकाची परवानगी निघायला वेळ लागतो. मानधन किती, ते मला विचारू नकोस. नोकरी सोडू नकोस. मीही सोडलेली नाही. दिवसा गाड्यांच्या सुट्या भागांची मॅन्युअलं जपानीतून उतरवते. तिथे माझा शब्द कोणी खोडत नाही.