चिकूला जरूर आण, पण आजीची एफडी मोडू नकोस

प्रश्न: मी नाशिकला अकरावीत शिकते. एका संस्थेनं महामार्गावरून उचलून आणलेला दीड वर्षाचा गावठी कुत्रा, चिकू, मला दत्तक घ्यायचाय. तो प्रचंड दंगेखोर आहे, म्हणून दोनदा परत आलाय. माझ्या खात्यात ३१,००० रुपये आहेत, आजीनं केलेली १५,००० ची एफडी आहे आणि शेजारच्या दोन मुलांच्या शिकवणीचे महिन्याला १,६०० मिळतात. बाबा म्हणतात, आण, पण खर्च तुझा. एवढ्यात भागेल का?

उत्तर: तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोनदा परत आलेल्या कुत्र्यावर तुझा जीव जडलाय, त्यामुळे तो तिसऱ्यांदा परत जाऊ नये हे डोक्यात ठेवूनच मी हिशोब मांडलाय.

संस्था कुत्र्याचे पैसे घेत नाही आणि नसबंदी झालेली आहे, असं तू लिहितेस. तरी पट्टा, हार्नेस, भांडी, अंथरूण, पहिली तपासणी आणि राहिलेल्या लसी यांत साडेसहा हजार जातील असं धर. खात्यात उरले २४,५००. आता महिन्याचं बघू. अठरा-वीस किलोच्या कुत्र्याला भात, अंडी, चिकन, थोडं तयार खाणं मिळून २,४०० लागतील. जंताचं औषध, गोचिडांचं औषध, दरवर्षीची रेबीजची आणि नाइन-इन-वनची (अनेक रोगांवरची एकत्र) लस, कुरतडलेल्या चपला असं सगळं महिन्यावर वाटलं तर आणखी ९००. म्हणजे ३,३००. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या भागातल्या डॉक्टरांना विचारून नीट करून घे.

शिकवणीचे १,६०० वजा केले तर दरमहा १,७०० कमी पडतात. २४,५०० रुपये १४ महिने पुरतील. ते संपतील तेव्हा तू बारावीत असशील, बोर्ड आणि सीईटी तोंडावर आलेली. त्या वर्षी शिकवणी तर बंदच करावी लागेल, म्हणजे पैसे त्याच्याही आधी संपणार. त्यानंतर तू कॉलेजला पुण्याला गेलीस तर हॉस्टेलवर चिकूला नेता येणार नाही. गावठी कुत्रा नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षं सहज जगतो. तो म्हातारा होईल तेव्हा तू सत्तावीस-अठ्ठावीसची असशील. आजच्या भावानं वर्षाचे सुमारे ४०,००० धरले तर दहा वर्षांचे चार लाख होतात, महागाई वेगळीच.

म्हणून ‘खर्च तुझा’ हे बाबांचं वाक्य मला मान्य नाही. हे पत्र त्यांनाही दाखव. खाण्याचे २,४०० घरखर्चातून जावेत, औषधपाण्याचे ९०० तू भर. शिकवणीतले उरलेले ७०० चिकूच्या नावानं आरडीत टाक. बारावीत शिकवणी थांबली तरी दहा महिन्यांचे नऊ हजार खात्यातून आरामात निघतात. तू गाव सोडलंस की त्याला कोण फिरवणार आणि कोण खायला घालणार, हे आत्ताच घरात बसून ठरवा.

एफडीला हात लावू नकोस, ती दवाखान्यासाठी. आमची काळी कुत्री एका जुलैत सकाळी ताटलीकडे ढुंकूनही पाहीना. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. गोचीडताप निघाला, रक्तातल्या प्लेटलेट पार खाली गेलेल्या. चार दिवस सलाइन, मग २८ दिवस गोळ्या. बिल नऊ हजारांच्या वर गेलं. पैसे बाजूला होते म्हणून त्याच दिवशी उपचार सुरू झाले. ‘पगार झाला की बघू’ म्हणालो असतो तर ती राहिली नसती. पावसाळ्यात रोज बोटांनी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची सवय लाव.

आता त्याच्या दंग्याबद्दल. असा कुत्रा बाल्कनीत बांधून ठेवला की सोफा, चार्जरची वायर, दाराची चौकट, काही सोडत नाही. त्याला सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास बाहेर हवं, आणि नुसतं ओढत नेणं नको, हुंगत हुंगत फिरू दे. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवून दिलंस तर अर्धा तास डोकं लावत बसतो. याला पैसे लागत नाहीत, तुझी झोप लागते. सहामाहीच्या दिवसांतही सकाळी साडेपाचला उठणं जमेल का, याचं खरं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे.

तुम्ही भाड्यानं राहत असाल, तर ११ महिन्यांचा करारनामा आधी काढून वाच आणि घरमालकाची परवानगी लेखी घे. पुढच्या घरी कुत्रा चालत नाही म्हणून परत केलेले किती तरी असतात.

लगेच दत्तक घेऊ नकोस. संस्थेला सांगून महिनाभर चिकूला फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, घरी आण आणि त्या महिन्यातला रुपयान् रुपया वहीत लिही. माझा ३,३०० चा आकडा त्या वहीशी ताडून बघ. चार हजारांपर्यंत गेला आणि बाबा खाण्याचा वाटा उचलायला तयार असले, तर माझ्याकडून होकार आहे, अगदी मनापासून. १८ वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार कायद्यानं ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे दत्तकाच्या फॉर्मवर आणि महापालिकेच्या परवान्यावर आई किंवा बाबांचंच नाव लागेल. संस्थेत जाताना त्यांना सोबत घेऊन जा. चिकूनं त्यांनाही आधी एकदा हुंगलेलं बरं.