गणिताचे व्हिडिओ आवडतात, सगळं कळतंही, पण पेपरात गणित सुटत नाही. काय करू?

गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करता आणि यूट्यूबवर समजलेली फुरियर श्रेणी (फंक्शन साइन-कोसाइनच्या बेरजेत मांडणं) कागदावर अडते, असं तुम्ही लिहिलंय. अडणारच. व्हिडिओत पुढची पायरी सांगणारा ठरवतो, पेपरात ती तुम्हाला ठरवायची असते.

उदाहरण मांडून झालं की व्हिडिओ थांबवा. समजा, उणे पाय ते पाय या अंतरात एफ ऑफ एक्स = एक्स. आधी आलेख काढा. फंक्शन विषम (एक्सचं चिन्ह उलटलं की उत्तराचंही उलटतं) दिसलं की स्थिर पद आणि कोसाइनचे सगळे सहगुणक शून्य. दोन इंटिग्रल वाचली. उरलेलं साइनचं इंटिग्रल बाय पार्ट्स. इथेच बहुतेकांचं चिन्ह चुकतं, कारण कॉस एन पाय म्हणजे उणे १ चा एनवा घात, आणि लिहितात नुसता १. उत्तर: २(साइन एक्स − साइन २एक्स/२ + साइन ३एक्स/३ − …).

ताळा करायला एक्स = पाय/२ घाला. पाय/४ = १ − १/३ + १/५ − … ही केरळच्या गणिती माधवाची श्रेणी आली, म्हणजे जमलं. एक्स = पायला मात्र बेरीज शून्य येते. ती चूक नव्हे. श्रेणी दर २ पायला तोच आलेख पुन्हा काढते, म्हणून तिथे तो पायवरून उणे पायवर उडी मारतो. उडीच्या जागी श्रेणी दोन्ही बाजूंची सरासरी देते. डेसमॉस या आलेख काढायच्या वेबसाइटवर ५ आणि मग ५० पदं काढून बघा: उडीजवळचं शिंग अरुंद होतं, पण उडीच्या सुमारे ९ टक्के उंच राहतंच.

फोंडा-पणजी कदंब बसमध्ये व्हिडिओ खुशाल बघा, फक्त त्याच रात्री तेच उदाहरण कोऱ्या कागदावर उतरवा. आणि ‘८ ÷ २(२+२)’ चं उत्तर १ की १६, यावरची इंटरनेटवरची भांडणं सोडा. तो लिहिण्यातला घोळ आहे, गणित नव्हे.