आरमार, नौदल आणि चाचे

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना ‘कॉन्टिनेन्टल नेव्ही’ला, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या समुद्री दलाला, आरमार म्हणावं की नौदल? आणि ‘प्रायव्हटिअर’ला, म्हणजे परवाना घेऊन शत्रूची जहाजं धरणाऱ्या खासगी जहाजाला, चाचे म्हटलं तर चालेल का?

चाचे अजिबात नको. चाच्याकडे कुणाचाच परवाना नसतो. प्रायव्हटिअरकडे काँग्रेसचा (वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचा) लेखी परवाना असे, आणि तो घेताना १०० टनांपर्यंतच्या जहाजासाठी ५,००० डॉलरांची, त्याहून मोठ्यासाठी १०,००० डॉलरांची हमी लिहून द्यावी लागे. धरलेलं जहाज आधी न्यायालयापुढे जाई, विक्री त्यानंतर. ‘परवानाधारी खासगी लढाऊ जहाज’ लांबट आहे खरं, पण अचूक आहे. एकदा पूर्ण लिहावं, पुढे नुसतं ‘परवानाधारी’ पुरतं.

आता मुख्य प्रश्न. ‘आरमार’ पोर्तुगीज ‘आर्मादा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ शस्त्रसज्ज जहाजांचा ताफा. ‘नौदल’ म्हटलं की अधिकारी, हुद्दे, पगार, शिक्षा अशी सगळी यंत्रणा डोळ्यांपुढे येते. १७७५ मध्ये आधी जहाजं आली, यंत्रणा मागून. १३ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात ठराव झाला तो फक्त दोन जहाजं सज्ज करण्याचा. पहिल्यावर १० तोफा, ८० माणसं, मोहीम तीन महिन्यांची. काम एवढंच की ब्रिटिश सैन्याची रसद नेणारी जहाजं अडवायची. ‘ब्लॅक प्रिन्स’ हे व्यापारी जहाज सांगाडा मजबूत करून, बाजूंना तोफांसाठी झरोके पाडून ‘आल्फ्रेड’ झालं. इथवर ‘आरमार सज्ज केलं’ हेच शोभतं. २८ नोव्हेंबरला नियमावली मंजूर झाली, १३ डिसेंबरला १३ फ्रिगेट (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका) बांधायचं ठरलं, २२ डिसेंबरला ताफ्याचा प्रमुख ईसेक हॉपकिन्स आणि इतर अधिकारी नेमले गेले. तिथून पुढे बेलाशक ‘नौदल’ लिहा. (फ्रिगेटला ‘गुराब’, म्हणजे मराठा आरमारातलं लढाऊ जहाज, म्हणू नये. गुराबेचं पुढचं टोक आणि एकूण बांधणीच वेगळी.)

परवानाधारी आणि नौदल यांची सरमिसळ तर मुळीच करू नये. नौदलाने मालवाहू जहाज धरलं तर सुरुवातीला खलाशी-अधिकाऱ्यांना मिळून विक्रीच्या रकमेचा तिसरा हिस्सा मिळे, ऑक्टोबर १७७६ पासून निम्मा. परवानाधारी जहाजावर मात्र सगळी रक्कम मालक आणि खलाशी वाटून घेत. साहजिकच खलाशी तिकडे वळले. दोघांना एकच शब्द वापरला, तर बांधून झालेल्या फ्रिगेट माणसांअभावी बंदरात का खोळंबल्या, हे वाचकाला उमगणारच नाही.