सतराव्या शतकातल्या स्पिनोझा या डच तत्त्वज्ञाचं 'एथिक्स' ऑनलाइन गट जमवून हळूहळू वाचायचं आहे, पण मी तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल. पण तुम्हाला सोबत हवी आहे की प्रेक्षक, हे आधी ठरवा. माझी गल्लत तिथेच झाली होती.

मी जीएसटीची विवरणपत्रं भरून पोट भरणारा माणूस, तत्त्वज्ञानाच्या वर्गाची पायरी कधी चढलो नाही. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर निरोप टाकला: रविवारी रात्री आठ ते नऊ, गूगल मीट, ज्याच्या हाताशी जो इंग्रजी अनुवाद असेल तो घेऊन या. पहिल्या रविवारी 31 जण आले. महिनाभरात 9 उरले आणि ते अजून आहेत. त्यातल्या एक ताई न्यू जर्सीत असतात, त्या सकाळचा चहा घेऊनच बसतात.

पुस्तकाची मांडणी शाळेतल्या भूमितीसारखी आहे. पहिल्या भागात 8 व्याख्या, 7 गृहीतकं, 36 प्रमेयं. प्रत्येक सिद्धतेत मागच्या प्रमेयांचे हवाले. एकट्याने वाचताना हे हवाले आपण खुशाल ओलांडून जातो. अकरावं प्रमेय सांगतं की ईश्वर असलाच पाहिजे. त्याची पहिली सिद्धता जेमतेम दोन-तीन ओळींची. एकटा असतो तर मान डोलावून पान उलटलं असतं. गटात कुणीतरी म्हणालं, "थांबा, सातव्याचा हवाला आहे, ते काढा." सातवं काढलं तर ते सहाव्याच्या उपप्रमेयावर उभं, आणि सहावं पाचव्यावर. पाचवं म्हणतं, एकच गुणधर्म असलेली दोन द्रव्यं असू शकत नाहीत (द्रव्य म्हणजे दुसऱ्या कशाच्याही आधाराविना असणारी गोष्ट, गुणधर्म म्हणजे तिचं मूळ स्वरूप). तिथे आम्ही तीन रविवार ठाण मांडून बसलो.

गटात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे. ती म्हणाली, "एका द्रव्याकडे क आणि ख आहेत, दुसऱ्याकडे ख आणि ग. ख सामाईक, तरी द्रव्यं दोन. मग?" सगळे गप्प. पुढे शोधताना सापडलं की लाइब्निट्स या जर्मन तत्त्वज्ञ-गणितज्ञानेही हीच शंका काढून ठेवली आहे. 1676 मध्ये हेगला जाऊन स्पिनोझाला भेटून आलेला तोच लाइब्निट्स. मुलगी आठवडाभर हवेत होती. शंकेचं उत्तर मात्र आम्हाला अजून पटण्यासारखं मिळालेलं नाही. वहीत 'अडलं' असं लिहून पुढे गेलो.

ही 'अडलं' वही काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. पुस्तक छापलं गेलं 1677 मध्ये, स्पिनोझा गेल्यावर. पण त्याच्या सुरुवातीच्या खर्ड्याची पानं 1663 मध्येच अ‍ॅमस्टरडॅममधल्या मित्रांच्या हाती फिरत होती आणि ते ती गटात वाचत होते. स्पिनोझा तेव्हा राइन्सबर्ग नावाच्या गावात राहायचा. सायमन दे व्रीस या मित्राने त्याला पत्रातून गटाची रीत कळवली आहे: आळीपाळीने एकेकाने वाचायचं, आपल्याला समजलंय तसं समजावून सांगायचं, सिद्धता करून दाखवायची. एकमेकांचं समाधान झालं नाही तर टिपून ठेवायचं आणि स्पिनोझालाच लिहून विचारायचं. लेखकाच्या जवळच्या मित्रांचीही ही गत, तर तुम्ही-आम्ही शिकलेलो नाही म्हणून लाजायचं कशाला?

आता माझी चूक. चौथ्या महिन्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून मी बैठकी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायला लागलो. बघणारे वाढले, आणि मी आदल्या रात्री तयारी करून 'समजावायला' लागलो. जिथे अडत होतो तिथे आवाज चढवून पुढे सरकत होतो. न्यू जर्सीच्या ताईंनी एकदा शांतपणे विचारलं, "हे तुम्हाला कळलंय का हो?" नव्हतं कळलं. त्या रविवारपासून रेकॉर्डिंग बंद. आता वाचणारा दर अर्ध्या पानाला बदलतो आणि अनुवादाची तुलना सोडली तर तयारी कुणीच करत नाही. ज्याला लोकांसमोर "मला हे वाक्य लागत नाही" म्हणवत नाही, त्याने गट चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक धोका, खास आपल्या लोकांचा. पंधराव्या प्रमेयाशी, म्हणजे जे जे आहे ते ईश्वरात आहे, पोचलात की कुणीतरी काका हमखास म्हणणार, "अहो, हे तर अद्वैतच!" सगळ्यांना हायसं वाटतं आणि वाचन तिथेच संपतं. आमच्याकडे नियम आहे: प्रमेय पुरतं वाचून होईपर्यंत शंकराचार्यांना बोलवायचं नाही. स्पिनोझाकडे जगाला मिथ्या म्हणायची सोय नाही. विस्तार, म्हणजे हे जागा व्यापणारं जडपण, हा त्याच्याकडे ईश्वराचाच एक गुणधर्म आहे. आमच्या काकांना हे कळलं तेव्हा ते चक्क रागावले. त्यानंतर मात्र खरं वाचायला लागले.

सुरुवात पहिल्या व्याख्येपासून करू नका, निम्मे लोक तिथेच गळतील. पहिल्या भागाचं परिशिष्ट आधी वाचा. त्यात छपरावरून दगड पडून एक माणूस मरतो. वारा सुटला म्हणून पडला म्हटलं तर लोक विचारतात, वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस तिथूनच का चालला होता? असे 'का' ते विचारत राहतात, तुम्ही ईश्वरेच्छेच्या, म्हणजे अज्ञानाच्या आसऱ्याला जाईपर्यंत. हे वाचून लोक हसतात, भांडतात आणि पुढच्या रविवारी येतात. मग व्याख्या काढा.

वेगाचं म्हणाल तर आम्हाला पहिल्या भागाला अकरा महिने लागले. सध्या तिसऱ्या भागात पस्तिसाव्या प्रमेयावर आहोत: आपल्या आवडत्या माणसाची दुसऱ्या कुणाशी आपल्यापेक्षा घट्ट मैत्री आहे असं वाटलं की आपण त्या आवडत्या माणसाचाच द्वेष करू लागतो. गेल्या रविवारी हे वाचून झालं आणि एकेकाचा कॅमेरा बंद होत गेला.