बागेतल्या पायवाटेच्या काँक्रीट लाद्या रंगवायच्या आहेत. ऑइल पेंट की अ‍ॅक्रिलिक? कोकणच्या पावसात किती टिकेल?

ऑइल पेंट अजिबात नको. कोणी फुकट दिला तर खिडकीच्या गजांना लावा.

याच विषयावर माझं दिराशी अजून पुरतं मिटलेलं नाही. आम्ही वेंगुर्ल्याजवळ, भावोजी डोंबिवलीला. एका चतुर्थीला त्यांच्या मनात आलं की खळ्यापासून विहिरीपर्यंत चिखल तुडवायला नको. इथल्या गवंड्याला फोन करून श्रावण सरता सरता गोल लाद्या ओतून घेतल्या आणि स्वतः आले ते एनॅमलचे, म्हणजे चकचकीत ऑइल पेंटचे, डबे घेऊनच. लाद्या पडवीत मांडून कमळं, कासवं, मोर काढले. दिसत झकास होते, खोटं कशाला बोलू? मी एवढंच म्हटलं, सिमेंट अजून ओलं आहे, दसऱ्यानंतर बघूया. तर म्हणे, "वहिनी, होड्यांना लावतात हा रंग. तुमचा पाऊस याला काय करणार?" होडी लाकडाची असते, हे कोणी सांगायचं!

भजनाच्या रात्री बुवांचा पाय मोरावर पडला आणि ते टाळांसकट अळवात जाऊन बसले. लागलं नाही, देवाची कृपा. चकचकीत रंग ओला झाला की त्यावर पाय ठरतच नाही.

दिवाळीला मी कासवाची पाठ नखाने उचकटली, तर अख्खी सुटून आली. खालून बुळबुळीत, चिकट. तो खरोखरच साबण झाला होता. ताज्या सिमेंटचा पीएच १२-१३ असतो, त्या क्षारात ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण होतो. त्यात लादी जमिनीतली ओल वर ओढत राहते, म्हणजे रंगाला खालूनच धक्का. भावोजींचं मत मात्र असं की गवंड्याने खाडीची वाळू वापरली. वापरलीही असेल. खाऱ्या वाळूने लादीवर पांढरी खार फुलते हे खरं, पण साबण वाळूने होत नाही.

तेव्हा अ‍ॅक्रिलिकच, बाहेरच्या भिंतींचा. लाद्या दिवाळीनंतर ओता, चांगलं पाणी मारा, २८ दिवस होऊ द्या, मग उन्हात खडखडीत वाळवा. रात्रभर वर प्लास्टिक चिकटवून ठेवा, सकाळी आतून दव धरलं तर अजून थांबा. सिमेंटचा प्रायमर, वर पातळ दोन हात, शेवटचा हात ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरा. लादीखाली खडी हवी, नुसती माती नको.

माझं विचाराल तर रंगवूच नका. वरच्या थराच्या सिमेंटमध्येच ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड, कालवा. माझ्या माहेरचा लाल कोबा तसाच केलेला, त्याचे पोपडे निघायला वर काही लावलेलंच नाही. प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्के धरा, १० च्या वर गेलात तर ताकद कमी होते. लाल, पिवळा, काळा हे लोहाचे रंग उन्हाला दाद देत नाहीत. पिवळ्यासाठी पांढरं सिमेंट घ्या, नाहीतर रंग शेवाळी दिसतो. कोबा घोटतात तशा या लाद्या मात्र घोटू नका, पृष्ठभाग खरखरीतच ठेवा.

आता हेही सांगते, ऑक्साइडमध्ये मोराचा पिसारा जमणार नाही, ते काम रंगाचंच. लाद्या जुन्या, मुरलेल्या असतील तर क्षाराची भीती कमी, ओलीची तेवढीच. आणि शेवाळ कशावरही धरतं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पावसाळ्यात ब्रश मारावाच लागेल.

किती टिकेल म्हणाल तर पायाखालचा रंग दर एक-दोन वर्षांनी परत द्यायची तयारी ठेवा. भावोजी इथे अधूनमधून वाचतात. त्यांनी खाली वाळूचा मुद्दा काढला, तर त्याचं उत्तर वर दिलेलं आहे.