कूलंट घरी बदलू की गॅरेजला देऊ? अठराशे रुपयांचा हिशेब

अंबाजोगाईच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. नऊ वर्षं जुनी डिझेल गाडी, रोज केजला शाळेत जाणं-येणं. तीन वर्षांत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदललेलं नाही; पातळी उतरली की बोअरचं पाणी टाकलं. फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, नवीन कूलंट भरायचे गॅरेजवाल्याने ३,६०० रुपये सांगितले. आयटीआय केलेला भाचा म्हणतो, मावशी, घरीच करू, १,५०० मध्ये होतं. यजमानांचं म्हणणं, पाण्यावर चाललंय ना, मग कशाला खर्च?

ताई, तिघांत सगळ्यात महागात पडेल ते यजमानांचं म्हणणं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय साधं पाणी १०० अंशांना उकळतं आणि आतून गंज धरतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असलं की उकळायला १०७ च्या आसपास जावं लागतं, झाकणाच्या दाबाने आणखी वर, आणि गंजही रोखला जातो. मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. तेव्हा मीही पाणीच घालत होतो. ढाबा जवळ आहे म्हणून तशीच पुढे रेटली. इंजिनचं हेड वाकलं, त्याखालचं गॅसकेट गेलं, ३८,००० रुपये लागले आणि त्यासाठी एफडी मोडावी लागली. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

आता घर की गॅरेज. भाच्याच्या यादीत डिस्टिल्ड वॉटर नाही, नळाच्या पाण्याने धुवायचं ठरलंय. तिथे बचत नको. बॅटरीवाल्याकडून १५ लिटर आणा, अंदाजे ३०० रुपये धरा. खर्च झाला १,८००, म्हणजे वाचले १,८००. हे काम तीन वर्षांनी एकदा करायचं, तर महिन्याला ५० रुपयांची बचत. एवढ्यासाठी जोखीम घ्यायची का? भाच्याचा हात बसलेला असेल तर घ्या, मला हरकत वाटत नाही. पण आधी एक बघा.

सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नाही, वाफेने हात-तोंड भाजतं. पाणी चहासारखं तांबूस दिसलं तर तो गंज आहे, फ्लश करून घ्या. वर तेलाचा तवंग किंवा साय असेल, किंवा पातळी दर आठवड्याला उतरत असेल, तर बिघाड वेगळा आहे. मग फ्लशचे पैसे वाया जातील. गॅरेजमध्ये आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळतीची तपासणी, करून घ्या.

भाच्याला दोन गोष्टी सांगा. धुऊन खालचा पाइप सोडला तरी इंजिनच्या आत थोडं पाणी राहतंच. त्यामुळे तयार मिसळलेलं कूलंट भरलं तर ते पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आणा. मॅन्युअलमध्ये क्षमता ६ लिटर लिहिली असेल तर आधी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट, मग वरपर्यंत डिस्टिल्ड वॉटर. कूलंटचा प्रकारही मॅन्युअल पाहूनच घ्या. रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नसतं. दुसरं, भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू द्या. हवा आत अडकली तर नवीन कूलंट असूनही गाडी तापते. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

जुनं पाणी अंगणात किंवा नालीत ओतू नका. कूलंट गोड लागतं, कुत्री-शेळ्या पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

वाचलेले १,८०० घरखर्चात मिसळू देऊ नका. गाडीच्या नावाने बँकेत महिना ५०० ची आरडी सुरू करा. तीन वर्षांत १८,००० आणि वर व्याज. नऊ वर्षांच्या गाडीला क्लच, टायर, बॅटरी यांतलं काही ना काही लागणारच, तेव्हा पगाराला हात लावायची वेळ येणार नाही.

मार्चचं ऊन तापायच्या आत हे उरका. आणि टाकीत काय दिसलं ते मला कळवा. तवंग असेल तर माझं उत्तर येईपर्यंत कूलंट विकत घेऊ नका.